आठवड्यातील एक दिवस

माध्यमिक शाळेतील आठवीचा वर्ग भरलेला आहे, हजेरी झालेली आहे आणि तरीही एकही विद्यार्थी बाकावर बसलेला नाही, हे दृश्य सहसा पाहायला मिळत नाही. महाराष्ट्रातील काही शाळांत मात्र आठवड्यातून एक दिवस असे घडते. आवारात चार-पाच मुले दोरी, खुंट्या आणि चुना घेऊन जमिनीवर रेषा आखीत असतात. एका कोपऱ्यात दोन मुली तोंडापुढे काळ्या काचेची ढाल धरून लोखंडी कोन जोडीत असतात. शेजारच्या खोलीत काही मुले गूळ आणि शेंगदाणे यांचे वजन करून चिक्कीचा हिशेब मांडीत असतात. आणखी एक गट शाळेजवळच्या गोठ्यात गायीच्या छातीभोवती मोजपट्टी गुंडाळण्याच्या खटपटीत असतो आणि गाय त्या शैक्षणिक प्रयोगाला फारशी साथ देत नसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की, आज शाळेला सुट्टी आहे. प्रत्यक्षात हा शाळेच्या वेळापत्रकातील तास आहे. त्या विषयाचे नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’.

या विषयाचा जन्म पाबळ या गावी झाला. पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील गाव. बाजीराव पेशव्यांची मस्तानी हिची समाधी तेथे असल्यामुळे इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असते. एरवी कमी पावसाचे, कोरडवाहू शेतीचे असे ते सामान्य खेडे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने तेथे ‘विज्ञान आश्रम’ ही संस्था सुरू केली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून ती उभी राहिली. डॉ. कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञान या विषयात डॉक्टरेट मिळवली होती आणि हिंदुस्थान लीव्हर या कंपनीच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या पदावर होते. मुंबईतील ती नोकरी सोडून, वयाच्या पन्नाशीनंतर, ते पत्नीसह पाबळला राहावयास आले. पाबळमध्ये काही विशेष नव्हते, आणि नेमके म्हणूनच ते गाव प्रयोगाला योग्य होते. जे येथे साधेल, ते देशातील कोणत्याही खेड्यात साधण्यास हरकत नसावी, असा त्यामागील विचार होता.

त्यांच्यापुढील प्रश्न साधा होता. खेड्यातील अनेक मुले आठवी-नववीपर्यंत शाळेत येतात, एक-दोन विषयांत नापास होतात आणि शाळा सोडतात. शाळेच्या दप्तरी ही मुले ‘अपयशी’ ठरतात. परंतु याच मुलांपैकी एखादा बंद पडलेले पाण्याचे इंजिन खोलून पुन्हा चालू करतो, एखादी मुलगी घरातील दहा माणसांचा शिधा अंदाजाने अचूक काढते, एखादा जमिनीचा रंग आणि पोत पाहून कोठे कोणते पीक येईल हे सांगतो. बुद्धी नसलेल्या माणसाला ही कामे जमत नाहीत. मग शाळेत गेल्यावर ही बुद्धी जाते कोठे? डॉ. कलबाग यांचे उत्तर असे होते की, बुद्धी कोठेही जात नाही. शाळाच तिला ओळखत नाही. माणूस हजारो वर्षे हातांनी काम करीत शिकत आला. हात आणि मेंदू यांचा विकास बरोबरीने झाला. पुस्तक हे शिकण्याचे साधन त्या मानाने फार अलीकडचे आहे. तेव्हा जे मूल केवळ ऐकून आणि वाचून शिकू शकत नाही, त्याला करून शिकण्याची संधी दिली पाहिजे.

हा विचार आपल्या देशाला नवा नव्हता. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि ‘नई तालीम’ या नावाने ती देशभर पोहोचली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय सुचवला. शब्द बदलत गेले, हेतू चांगलाच राहिला; पण बहुसंख्य शाळांत या विषयाचे काय झाले, ते त्या शाळांतून शिकलेल्या कोणालाही विचारावे. कागदाची फुले, काड्यापेटीचे घर, खडूंची खोकी, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून विकत आणलेली वस्तू! समाजाला उपयोग नाही, उत्पादन नाही आणि बहुतेक वेळा कार्यही नाही. कारण या वस्तूंची कोणाला गरज नव्हती. ज्या वस्तूची कोणाला गरज नाही, ती चांगली झाली काय आणि वाईट झाली काय, सारखेच.

पाबळच्या प्रयोगाचे वेगळेपण येथे आहे. १९८७ मध्ये तीन माध्यमिक शाळांतून त्याचा आरंभ झाला. पुढे महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली. विषयाचे चार विभाग पाडलेले आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. प्रत्येक विद्यार्थ्याने चारही विभागांतून जायचे, हा नियम. एकच धंदा शिकवून मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षी सुतार किंवा वायरमन करून टाकणे हा येथे हेतू नाही. खेड्यात माणसाला एका दिवसात चार प्रकारची कामे पडतात, म्हणून शिक्षणही बहुअंगी असावे, असे येथे मानले जाते. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. जे काम करायचे, ते शाळेला, घराला किंवा गावाला खरोखर हवे असलेले असावे.

हे शिक्षण कसे घडते, ते एका साध्या कामावरून पाहू. शाळेला अवजारे ठेवण्यासाठी एक छोटी खोली बांधायची आहे. पायाची आखणी करताना चारही कोपरे काटकोनात असावे लागतात. गवंड्याच्या भाषेत, बांधकाम ‘गुण्यात’ असावे लागते. लोखंडी गुण्या लहान असतो. दहा फुटांच्या भिंतीला तो लावला, तर त्यातील केसाएवढी चूक पलीकडच्या टोकाला बोटभर होते. म्हणून गवंडी काय करतो? कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर खूण करतो आणि दोन्ही खुणांमधील अंतर मोजतो. ते बरोबर पाच फूट भरले, तर कोपरा गुण्यात आहे. कमी भरले, तर कोन मिटलेला आहे. अधिक भरले, तर तो उघडलेला आहे. मुले दोरी सरकवतात, पुन्हा मोजतात. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, दोहोंची बेरीज पंचवीस आणि पाचचा वर्गही पंचवीस. हेच पायथागोरसचे प्रमेय. भूमितीच्या पुस्तकात ते सिद्धतेसह असतेच. पण येथे त्याच्या आधाराने भिंत उभी राहणार आहे. ज्या गवंड्याने हे दाखवले, त्याने कदाचित पायथागोरसचे नावही ऐकलेले नसेल, आणि ज्या विद्यार्थ्याला प्रमेय तोंडपाठ आहे, त्याने कदाचित कधी दोरी धरलेली नसेल. या दोघांची गाठ पडणे हीच त्या दिवसाची कमाई म्हणावी लागेल.

काँक्रीटच्या कामात असेच घडते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे प्रमाण मुले पाठ करतात. परंतु पाणी किती घालावे, हे हाताला कळावे लागते. पाणी जास्त झाले, तर कालवायला सोपे जाते, म्हणून नवशिक्याचा हात पाण्याकडेच वळतो. ते जादा पाणी पुढे वाळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. असे काँक्रीट कमजोर होते. हे सांगून पटत नाही. म्हणून दोन सारख्या आकाराच्या तुळया ओतल्या जातात, एक नुसत्या काँक्रीटची आणि दुसरी खालच्या बाजूस लोखंडी सळई घातलेली. रोज पाणी मारून त्या मुरवल्यावर दोन्ही टोकांना विटांवर टेकवून मध्ये भार ठेवला जातो. पहिली तुळई थोड्याच वजनाने खालच्या बाजूने तडकून दुभंगते. दुसरी कितीतरी अधिक भार सोसते. वाकणाऱ्या तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण सोसण्यासाठी सळई खाली हवी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे स्वतःच्या घराच्या स्लॅबखाली उभा राहून कंत्राटदाराला योग्य तो प्रश्न विचारू शकतो.

गोठ्यातील मोजणीचेही कारण आहे. जनावराला खाद्य त्याच्या वजनाच्या प्रमाणात द्यावे लागते. पण गावात गाय तोलण्याचा काटा कोठे मिळणार? त्यासाठी एक जुना हिशेब उपयोगी पडतो. छातीचा घेर इंचांत मोजावयाचा, खांद्याच्या सांध्यापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावयाची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे साधारण वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर ६६ इंच आणि लांबी ६० इंच असेल, तर वजन ३९६ किलो येते. संकरित दुभत्या गायीला रोज तिच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडे अन्न लागते, म्हणजे या गायीला सुमारे दहा ते बारा किलो. येथे मुले अडखळतात. घरी तर गायीला दोन-दोन भारे हिरवा चारा पडतो, मग दहाच किलो कसे? तेव्हा लक्षात येते की, हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते; भारा मोठा दिसला, तरी त्यातील अन्न थोडे असते. शेकडेवारी हा पाचवीपासून छळणारा प्रकार येथे गायीच्या पोटाचा प्रश्न होऊन येतो. ‘आमच्या गाईचं दूध कमी का?’ असा प्रश्न घेऊन गेलेला मुलगा संध्याकाळी उत्तर घेऊन घरी परततो, आणि कित्येकदा वडिलांशी वाद घालतो.

बियाण्याची उगवण तपासणे, पावसाचे मोजमाप करणे, विजेच्या मीटरवरील आकडे वाचणे ही कामे यापेक्षा सोपी आहेत. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवसांनी कोंब मोजायचे. ऐंशी उगवले, तर जेथे दहा किलो बियाणे पुरले असते, तेथे साडेबारा किलो पेरावे लागेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. या एका सूत्रावर मुले शाळेच्या छपराचा हिशेब करतात आणि दोनशे चौरस मीटरच्या छपरावरून पाचशे मिलिमीटर पावसात एक लाख लिटरपर्यंत पाणी वाहून जाते, हे पाहून चकित होतात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा आकडा फळ्यावर लिहून पुसून टाकता येत नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून पाबळमधील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विहीर कोठे खणावी, हे सांगण्याचे काम गावोगावी पाणाडे करतात. कोणी हातात बेचक्याची काठी धरतो, कोणी तळहातावर नारळ ठेवतो. विज्ञान आश्रमाने जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकून, त्यांतून विद्युत्प्रवाह सोडून, खालच्या थरांचा रोध मोजण्याची पद्धत तरुण विद्यार्थ्यांना शिकवली. ओलसर किंवा फुटलेल्या खडकाचा रोध कमी असतो, कोरड्या अखंड कातळाचा जास्त असतो. हे मोजमापही दर वेळी खरे ठरेलच असे नाही. परंतु ते का चुकले, याचा शोध घेता येतो. नारळाच्या बाबतीत तशी सोय नाही.

चारही विभागांत ‘गृह व आरोग्य’ हा विभाग वरवर सर्वांत सौम्य वाटतो. जुलाब होणाऱ्या बाळासाठी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावयाचे, हे आठवीतील मुलाला माहीत असणे म्हणजे घरातील एका जिवाचे रक्षण होणे. त्याहून गंभीर अनुभव रक्त तपासणीचा येतो. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब विशिष्ट कागदावर घेऊन त्याचा रंग छापील रंगपट्टीशी ताडून पाहतात. त्यावरून रक्तातील हिमोग्लोबिनचा अंदाज येतो. या वयाच्या मुलींत ते एक डेसिलिटर रक्तात किमान बारा ग्रॅम असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींत ते त्यापेक्षा कमी असते, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. आकडेवारी म्हणून हे वाचले, तर विसरले जाते. पण वर्गातील मैत्रिणींचे आकडे एकाखाली एक लिहिले जातात, तेव्हा जी मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडते, जिला सर्वजण ‘नाजूक’ म्हणतात, तिच्या नाजूकपणाचे कारण वहीत उमटते. मग लोहयुक्त पालेभाजी, भाजीवर पिळलेले लिंबू, लोखंडी कढई आणि आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळ्या यांची चर्चा होते. आणि त्याबरोबर, घरात सर्वांचे जेवून झाल्यावर उरेल ते खाणारे कोण, हा प्रश्नही कोणी न विचारता वर्गात येऊन बसतो.

मुली वेल्डिंग करतात आणि मुले स्वयंपाक शिकतात, ही या विषयातील गोष्ट पाहुण्यांना फार कौतुकाची वाटते. मुलांना ती थोड्याच दिवसांत सवयीची होते. चारही विभाग सर्वांना सक्तीचे असल्यामुळे ‘हे काम बायकांचे’ आणि ‘ते काम पुरुषांचे’ या वाटणीला येथे जागा राहत नाही. यापेक्षा खोल रुजलेली वाटणी जातीची आहे. आपल्या समाजात चामड्याला हात कोणी लावायचा, लोखंडाला कोणी, लाकडाला कोणी आणि पोथीला कोणी, हे शेकडो वर्षे जन्मावरून ठरले. ज्याच्या हाती कौशल्य होते, त्याच्या हाती अक्षर येऊ दिले नाही. ज्याच्या हाती अक्षर होते, त्याने कौशल्याला हलके मानले. दोघांचेही त्यात नुकसान झाले, पण ते सारखे झाले नाही. अक्षर नाकारले गेले, त्याचे नुकसान कितीतरी मोठे होते. म्हणूनच हाताच्या कामाला शाळेत स्थान देण्याच्या कल्पनेकडे काही पालक संशयाने पाहतात, आणि त्यांचा संशय समजून घेतला पाहिजे. ‘आम्ही जन्मभर घमेली उचलली, आता पोरानंही शाळेत जाऊन तेच करायचं का?’ असे एखादी आई विचारते, तेव्हा तिला श्रमप्रतिष्ठेचे व्याख्यान देऊन भागत नाही. शहरातील चांगल्या शाळांतील मुलांना पुस्तके आणि खेड्यातील मुलांना फावडी, अशी विभागणी होणार असेल, तर तिचा विरोध योग्यच आहे. या आक्षेपाला एकच उत्तर संभवते. आठवड्यातील एक दिवस कामाचा आणि उरलेले दिवस इतर विषयांचे; आणि कामाच्या दिवशीही वही, मोजमाप, आकृती आणि हिशेब यांतून सुटका नाही. घमेले उचलणाऱ्या मुलाला त्यातील मालाचे प्रमाण आणि त्याचे कारण ठाऊक असेल, तरच ते शिक्षण. नुसतेच घमेले उचलून घेतले, तर ती बिनपगारी मजुरी होय. काही ठिकाणी तसेही होते, हे नाकारता येणार नाही.

हिशेबाचा उल्लेख वर आला. प्रत्येक कामानंतर विद्यार्थ्याने त्याचा खर्च काढायचा असतो. लागलेला माल, मजुरी, वीज, अवजारांची झीज हे सर्व त्यात येते. गावातील लोक शाळेकडे कामे आणतात: मोडलेली खुर्ची, गोठ्याची फाटकी जाळी, घरातील वायरिंग, माती परीक्षण. त्यासाठी वाजवी मोबदला घेतला जातो आणि तो विषयाच्या खर्चाला उपयोगी पडतो. पैसा हे येथे दुय्यम कारण आहे. परीक्षेत दहापैकी सहा गुण मिळाले, तर विद्यार्थी उत्तीर्ण होतो. दहापैकी सहा जोड पक्के असलेला बाक मात्र उत्तीर्ण होत नाही, तो बसणाऱ्याला घेऊन खाली येतो. आपण केलेला बाक कोणाच्या तरी वजनाखाली मोडला, हा अनुभव एकदा आलेला विद्यार्थी पुन्हा कधी ‘चालेल’ हा शब्द सहजपणे वापरीत नाही. उलट, आपण दुरुस्त केलेला दिवा ज्या घरात लागतो, त्या घरावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाची चाल वेगळी असते. शाळेच्या अहवालात यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्या असतात: गुणवत्ता यादी, वक्तृत्व, धावण्याची शर्यत. त्या यादीत हा दिवा कोठेच नसतो.

या विषयाच्या अडचणी कमी नाहीत. अवजारे महाग असतात आणि हरवतात. तारांची अपुरी जोडणी, उघडे पाते, डोळ्यांत जाणारी ठिणगी यांचा धोका असतो. पायांत बूट, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी जाणता माणूस असल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, हा दंडक पाळावा लागतो. शिकवणाऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. सुतारकाम उत्तम येणाऱ्या माणसाजवळ पदवी नसते आणि पदवी असलेल्याला रंधा धरता येत नाही. विज्ञान आश्रमाने यावर काढलेला तोडगा म्हणजे गावातीलच कुशल माणसांना निदेशक म्हणून शाळेत बोलावणे. कल्पना उत्तम आहे. परंतु अल्प मानधनावर येणाऱ्या या निदेशकाला शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळते की नाही, यावर त्या शाळेत हाताच्या कामाला कितपत मान आहे, हे बरोबर कळते.

दहावीच्या गुणांचे ओझे वाढत जाते, तसा हा एक दिवसही आक्रसतो, अशी तक्रार ऐकू येते. आठवीत पूर्ण दिवस, नववीत अर्धा, दहावीत सराव परीक्षा. दुसरीकडे शासकीय धोरणांचा कल या विचाराकडे झुकत गेला. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि बहुकौशल्याचा विषय नव्या नावाने शाळांत पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांबरोबर काम करून शिकावे, अशी शिफारस केली. वर्षातून दहा दिवस आणि आठवड्यातून एक दिवस यांत अंतर आहे. परंतु कागदी फुलांपासून शाळा पुष्कळ पुढे आली, हे मान्य केले पाहिजे.

शाळा सोडलेल्या मुलांचे काय, हा पाबळचा मूळ प्रश्न होता. त्यांच्यासाठी विज्ञान आश्रमात ‘मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान’ ही एक वर्षाची निवासी पदविका चालवली जाते. या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली. प्रस्तुत पाठाच्या वाचकांपैकी अनेकांनी याच संस्थेत नाव नोंदवलेले असल्यामुळे हा दुवा त्यांना जवळचा वाटेल. तेथे येणारी मुले आठवीनंतर शाळेबाहेर पडलेली असतात. ती घुमटाकार घराचा त्रिकोणी सांगाडा जोडतात, सौर दिवे बसवतात, कोंबड्या पाळतात, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधतात. त्यांतील काही पुढे आपल्या गावी छोटे कारखाने काढतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ ही संगणकीय यंत्रांची कार्यशाळा सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा आरंभीच्या कार्यशाळांत तिची गणना होते. ज्या मुलांना शाळेने गणितात नापास केले, ती मुले तेथे यंत्राला मिलिमीटरच्या अंशात माप देऊ लागली. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले.

कामाच्या दिवशी शेवटची घंटा होण्यापूर्वी अर्धा तास सर्व कामे थांबवली जातात. अवजारे पुसून, मोजून, भिंतीवर रंगवलेल्या आपापल्या आकृतीवर टांगली जातात. एखादी आकृती रिकामी दिसली की, तो पकड किंवा पेचकस सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. मग वह्या उघडल्या जातात. तारीख, कामाचे नाव, वापरलेले साहित्य, आकृती, खर्च, आणि सर्वांत शेवटी एक रकाना असतो: ‘काय चुकले?’ हा रकाना कोरा ठेवलेली वही निदेशक परत देतात.